नांदेड-लातूरच्या शेतातून जाणारा महामार्ग आणि तारकर्लीची वाळू : दोन्हींचा संबंध काय?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नांदेड-लातूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारकर्लीचे फोटो पडायला लागतात. निळं पाणी, स्कूबाचा व्हिडिओ, सुरमईचं ताट. त्याच ग्रुपवर दुसरी चर्चा असते ती शक्तिपीठ महामार्गाची, कुणाचं शिवार जाणार आणि कुणाचं वाचणार याची.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग मूळ आराखड्यात साधारण ८०२ किलोमीटरचा होता. त्या आराखड्यानुसार तो १२ जिल्ह्यांतून जातो. त्यात नांदेड आणि लातूर आहेत, आणि गोव्याच्या हद्दीआधीचा शेवटचा जिल्हा आहे सिंधुदुर्ग. म्हणजेच तारकर्लीचा जिल्हा.

तारकर्ली एवढी फेमस कशी झाली?

मालवणपासून काही किलोमीटरवरचं हे गाव. मासेमारी, नारळाच्या बागा आणि रापण, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, यावर इथली घरं चालायची. गावाबाहेरच्यांना ते फारसं माहीतही नव्हतं.

१९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. एमटीडीसीचं रिसॉर्ट, हाऊसबोट आणि स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आलं. २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाचा सोहळा इथं झाला आणि तारकर्लीचा किनारा देशभर टीव्हीवर दिसला.

यात एक चांगली गोष्ट घडली. गावातल्या अनेकांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आणि निवास-न्याहारी सुरू केली. होड्याही बऱ्याचशा मच्छीमारांच्याच. त्यामुळं पैशाचा मोठा वाटा गावात राहिला आणि मुंबईला जाणाऱ्या काही पोरांना गावातच काम मिळालं.

मग अडचण कुठं आहे?

अडचण जागेची आहे. तारकर्लीला लागून देवबाग आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथं समुद्र किनारा खातोय, म्हणून गावकरी अनेक वर्षांपासून धूपप्रतिबंधक बंधारा मागत आले आहेत. ही जमीन वाढवता येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. किनाऱ्यावरच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. हॉटेलं वाढली, उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. पाणी संपल्यावर काय होतं हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

तिसरी अडचण सुरक्षेची. २४ मे २०२२ ला स्कूबा करून परतणारी २० पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. हंगामाच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो आणि नेमकी तेव्हाच सुट्ट्यांची गर्दी असते.

महामार्गानं काय बदलेल?

नागपूर ते गोवा हे १८ तासांचं अंतर ८ तासांवर येईल, असा सरकारचा दावा आहे. तसं झालं तर मराठवाड्यातून कोकण शनिवार-रविवारच्या टप्प्यात येईल. आज लातूरचं कुटुंब चार-पाच दिवस काढून जातं. उद्या तेच दीड दिवसासाठी जाईल. गाड्या वाढतील, पण मुक्काम कमी होईल. घरगुती निवास-न्याहारीवाल्यांचा धंदा मुक्कामावरच चालतो. कचरा, पार्किंग आणि पाण्याचा ताण मात्र गाड्यांसोबत येतो.

इकडच्या टोकाचा हिशोब वेगळा आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भूसंपादन वगैरे कामांसाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवस्थानं जोडली जातील आणि मागास भागात उद्योग येतील, असं सरकार सांगतं. विरोध करणारे शेतकरी म्हणतात, बागायती जमीन एकदा गेली की परत मिळत नाही, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना दुसरा कशाला? कोल्हापुरात हा विरोध सगळ्यात तीव्र आहे, नांदेड-लातूरमध्येही आंदोलनं झाली आहेत.

मुद्दा काय?

तारकर्ली मोठी झाली ती टप्प्याटप्प्यानं. आधी रेल्वे आली, मग खोल्या, मग होड्या, त्यामुळं गावाला जुळवून घ्यायला वेळ मिळाला. महामार्ग हा वेळ देत नाही.

म्हणून रस्त्याच्या आधी ठरायला हव्यात अशा गोष्टी साध्या आहेत : दिवसाला किती होड्या सुटणार, किती खोल्यांना पाणी पुरणार, कचरा कुठं जाणार आणि देवबागचा बंधारा कधी होणार. नाहीतर रस्त्यासाठी मराठवाड्यातला शेतकरी जमीन देईल आणि तो रस्ता ज्या किनाऱ्याकडे नेतो, तिथं बघण्यासारखं फार काही उरलेलं नसेल.