प्रक्षेपक आणि प्रक्षेप

प्रोजेक्टरला मराठी परिभाषेत ‘प्रक्षेपक’ म्हणतात. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या शब्दातला ‘प्रक्षेप’ मात्र निराळ्या अर्थाने परिचित असतो : मूळ संहितेत मागाहून, दुसऱ्याच कोणाच्या हातून शिरलेला मजकूर. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशा प्रक्षेपांनी आणि अपपाठांनी दूषित झालेल्या पोथ्या पाहून. यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. दोन्ही शब्दांचा धातू एकच, क्षिप्, म्हणजे फेकणे, टाकणे. घरातल्या संगणकाला जोडण्यासाठी प्रोजेक्टर निवडताना हे नाते विसरू नये असे मला वाटते. भिंतीवर चित्र फेकणारे यंत्र त्या चित्रात पदरचे किती टाकते, हा निवडीचा पहिला प्रश्न असायला हवा. दुकानात तो सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाने का विचारावा, तर साहित्यकृतीचे माध्यमांतर आता आपल्या अध्यापनाचा भाग झाले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचल्यावर अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट पाहावा, साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’नंतर अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहावा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण तो पाहायचा कुठे? पनवेलच्या मल्टिप्लेक्समध्ये जुना मराठी चित्रपट क्वचितच परततो. राहतो तो हातातला मोबाइल, किंवा एखाद्या अध्यापकाच्या घरातली पांढरी भिंत. विद्यार्थी तिथे जे पाहतो ते त्या कृतीचे त्याच्यापुरते पहिले आणि बहुधा शेवटचे दर्शन असते. ती प्रत भ्रष्ट असेल तर त्याच्या मनातला चित्रपट कायमचा भ्रष्ट राहील. म्हणून ही खरेदी मला संपादनासारखी वाटते.

आमच्या पळस्प्याचेच उदाहरण घ्या. फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ कादंबरीतल्या लिंगोबाच्या डोंगराचे नाते या सुळक्याशी जोडले जाते. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. डोंगरासमोर माणूस केवढासा असतो, हे या कथेचे मर्म आहे, आणि ते सहा इंचांच्या काचेवर उमटत नाही. तिथे डोंगरही तळहाताएवढा आणि नाग्याही तळहातातच. मोठ्या चित्राची गरज मला इथे पटते. ती करमणुकीची चैन नाही. प्रमाण हाच आशय असलेल्या कृतीची ती मागणी आहे.

मोठे चित्र हवे असे ठरले की जाहिराती भेटतात, आणि तिथूनच प्रक्षेपांना सुरुवात होते.

पहिला प्रक्षेप आकाराचा. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) ज्या चौकटीत चित्रित झाला तिची रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट होती. आजच्या बहुतेक घरगुती प्रोजेक्टरची चौकट १६:९, म्हणजे १.७८ पट. जुने चित्र या नव्या चौकटीत ‘पूर्ण भरण्याचे’ दोनच मार्ग आहेत. एक, ते आडवे ताणायचे. मग विष्णुपंत पागनिसांचा चेहरा जवळजवळ तीस टक्क्यांनी रुंद होतो. दुसरा, वरून-खालून कापायचे. मग चित्राचा चौथा हिस्सा जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा मार्ग चित्राच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडण्याचा. तोच प्रामाणिक, आणि पाहुण्यांना नेमका तोच खटकतो : “पडदा एवढा मोठा आणि चित्र मध्येच का?” छापील पानाला समास असतो तसा तो समास आहे, हे आपणच सांगायला हवे. प्रोजेक्टर निवडताना एवढे पाहावे की मूळ प्रमाण राखण्याची सोय त्यात आहे आणि ती सहज सापडते. संगणक जोडल्याचा इथे फायदा होतो, कारण चित्राचे प्रमाण राखण्याचे काम संगणकावरचा प्लेअरही करू शकतो. फक्त प्रोजेक्टरने त्यावर पुन्हा आपली ओढाताण करू नये.

दुसरा प्रक्षेप रिझोल्यूशनचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०८०पी सपोर्ट’ असते. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र १९२० × १०८० बिंदूंचे चित्र स्वीकारते. दाखवते किती, हे ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे, बारीक टायपात असते, आणि स्वस्त यंत्रांत ते पुष्कळदा ८५४ × ४८० निघते. गुणाकार करून पाहा : वीस लाखांहून अधिक बिंदू घेऊन हे यंत्र चार लाखांच्या आसपास दाखवते. पाचांतले चार गळाले. संक्षिप्त आवृत्तीवर ‘संक्षिप्त’ असे छापण्याची सभ्यता प्रकाशक पाळतात. इथे संपूर्ण ग्रंथ ‘स्वीकारल्याचे’ सांगून सारांश हाती दिला जातो. चालत्या चित्रात हे काही काळ लपते. मजकुरात लपत नाही. संगणक जोडायचा म्हणजे आज चित्रपट, उद्या कवितेचे पान, परवा हस्तलिखिताचे छायाचित्र. देवनागरीत ‘चिता’ आणि ‘चिंता’ यांत एका अनुस्वाराचे अंतर आहे. तो अनुस्वार संगणकाच्या पडद्यावर दोन-तीन बिंदूंचा असतो. अर्ध्याहून कमी ओळींत दडपल्यावर तो उरेलच याची खात्री नाही. रोमन लिपीत ‘आय’वरचा ठिपका गेला तरी अक्षर ओळखू येते. आपल्याकडे शब्दच बदलतो.

तिसरा प्रक्षेप कीस्टोनचा. यंत्र भिंतीसमोर सरळ न ठेवता खालून किंवा बाजूने रोखले की चित्राचा समलंब चौकोन होतो. तो ‘आपोआप सरळ’ करण्याची सोय हल्ली मोठी खूण म्हणून मिरवली जाते. पण ही सुधारणा भिंगाने होत नाही. यंत्र चित्राचेच बिंदू पुन्हा मांडून त्याला उलट दिशेने वाकडे करते, आणि त्यात काही बिंदू खर्ची पडतात. याची परीक्षा करायला देवनागरीइतकी चांगली लिपी नाही. शिरोरेषा ही सरळ, आडवी, बारीक रेघ. डिजिटल कीस्टोन लावला की ती पायऱ्यापायऱ्यांची होते. यंत्र भिंतीच्या समोर, पातळीत बसवणे हाच उपाय. ते जमत नसेल तर भिंगच वर-खाली सरकवणारी ‘लेन्स शिफ्ट’ असलेले यंत्र घ्यावे.

चौथा प्रक्षेप प्रकाशाचा, आणि तो यंत्राचा नसून आपल्या खोलीचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. भिंत जितकी उजळ, तितकाच चित्रातला काळा उजळ. ‘ल्युमेन’ हा आकडा एएनएसआय किंवा आयएसओ मानकानुसार मोजलेला असेल तरच तुलनेला उपयोगी; त्याविना छापलेल्या हजारोंच्या आकड्यांना अर्थ नाही. समजा, खरोखरचे ५०० ल्युमेन मिळाले. ८० इंची चित्राचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन चौरस मीटर, म्हणजे भिंतीवर साधारण २८० लक्स. ट्यूबलाइटने त्याच भिंतीवर १०० लक्स टाकले, तर चित्रातला शुभ्र आणि काळा यांत जेमतेम चौपट फरक उरतो. तेच चित्र हौसेने १०० इंचांचे केले की फरक तिपटीच्याही खाली. रात्रीचा प्रसंग मग पहाटेचा वाटू लागतो. यंत्रावर आणखी पैसे घालण्याआधी जाड पडद्यांवर घालावेत, आणि चित्र खोलीला झेपेल एवढेच ठेवावे. दहा बाय बाराच्या खोलीत ८० इंच पुष्कळ झाले : चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर मागणाऱ्या यंत्राला त्यासाठी पावणेनऊ फूट लागतात, १०० इंचांसाठी जवळजवळ अकरा, मग बसायला जागा राहत नाही. खोली अंधारी होणारच नसेल तर प्रोजेक्टर घेऊ नये. त्याच पैशांत चांगला टीव्ही येतो, आणि उजेडात त्याचा काळा अधिक खरा असतो.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे, आणि तो वजनदार आहे. जत्रेतल्या तंबूत, ठिगळ लावलेल्या कापडावर, घासून पांढऱ्या पडलेल्या रिळांतून आपल्या आजोबांनी ‘संत तुकाराम’ पाहिला आणि ते रडले. त्यांना कुठे पिक्सेल मोजावे लागले? त्याही आधी, १८९० च्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले, त्या दिव्याचे ल्युमेन कोण विचारत होते? मग हा आजचा काटेकोरपणा म्हणजे सुखवस्तूंची रसिकता नव्हे काय?

उत्तर पोथ्यांपाशीच आहे. कसरीने खाल्लेली पोथी जीर्ण असते, भ्रष्ट नसते. तिच्यात काय नाही हे वाचकाला दिसते. भोक भोकासारखेच दिसते. प्रक्षेपाची गोष्ट उलटी. तो मूळ मजकुराच्या वेषात येतो आणि म्हणून वाचक फसतो. तंबूतल्या कापडावरचे ठिगळ ही झीज होती. तिने तुकोबांचा चेहरा रुंद केला नाही. पटवर्धनांच्या काचा तर त्यांच्याच दिव्यासाठी रंगवलेल्या. चित्र आणि दिवा एकाच घरचे. आज चित्र एकाचे, फाइल दुसऱ्याची आणि यंत्र तिसऱ्याचे, आणि कारखान्यात ठरलेली मांडणी त्या तिघांच्या वतीने निमूटपणे निर्णय घेते. प्रेक्षकाला वाटते, चित्रपटच असा आहे.

‘संत तुकारामा’चाच एक दाखला इथे उद्बोधक ठरावा. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. हा गमतीचा इतिहास आपण आनंदाने सांगतो, कारण त्या पदाचा कर्ता आपल्याला ठाऊक आहे आणि हिशेब करता येतो. ताणलेल्या चेहऱ्याला कर्ता नसतो. त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

तेव्हा दुकानात जाताना स्वतःचा संगणक सोबत न्यावा, विक्रेत्याची झगमगती चित्रफीत पाहू नये. तीन गोष्टी लावून पाहाव्यात. एक पान साधा मराठी मजकूर, घरी वाचतो त्याच आकारात : अनुस्वार, रफार आणि शिरोरेषा तपासायला. एक वर्तुळ : ते अंडाकृती दिसते का ते पाहायला. आणि जुन्या कृष्णधवल चित्रपटातला एखादा रात्रीचा प्रसंग. संगणकाचे रिझोल्यूशन यंत्राच्या ‘नेटिव्ह’ आकड्याशी जुळवावे. चारही कडा दिसत नसतील तर ‘ओव्हरस्कॅन’ बंद करावे. काळा राखाडी किंवा डागाळलेला दिसला तर रंगांची ‘फुल’ की ‘लिमिटेड’ ही मर्यादा दोन्हीकडे सारखी आहे ना, ते पाहावे. आणि आमच्याकडे महामार्गाची धूळ व कोकणातला पावसाळा दोन्ही असल्याने, भिंगामागचा भाग बंदिस्त असलेले किंवा जाळी सहज काढून साफ करता येणारे यंत्र बरे. दमटपणात भिंगावर बुरशी धरते, तीही एक प्रकारची कसरच.

यात विशेष ज्ञान कुठलेच नाही. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाठभेद टिपण्याची सवय आपल्याला आहेच; फक्त ती कागदापाशी थांबते. विजेच्या वस्तूसमोर आपण निमूट होतो आणि ‘मुलाला विचारतो’ म्हणतो. मुलाने जरूर सांगावे, केबल कुठली. पागनिसांचा चेहरा केवढा असावा, हे ठरवण्याचे काम मात्र मराठीच्या अध्यापकाने दुसऱ्यावर सोपवू नये.