लाकडी तोफ मेनूत बसत नाही

आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या रामशेजवर चढला असाल, तर लाकडी तोफांची गोष्ट कानावर आली असेलच. १६८२मध्ये औरंगजेबाच्या फौजेने गडाला वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मग मराठ्यांनी लाकूड पोखरलं, त्यावर चामडं चढवलं आणि त्याच तोफा डागल्या. वर्षानुवर्षं गड पडला नाही. खाफीखान या मोगल इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. गड घेण्यासाठी सोन्याचा नाग घेऊन आलेल्या मांत्रिकाची फजितीही त्यानेच सांगितली आहे.

आता ही तोफ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आणा बरं! १९७४चा हा खेळ कागद, फासे आणि गप्पांवर चालायचा. आज त्याचा हिशेब ‘डी अँड डी बियाँड’सारखं टूल ठेवतं. तिथे स्वतःची जादुई वस्तू, म्हणजे ‘होमब्रू’, बनवता येते. पण गोम अशी, की वर्णनात काहीही लिहा, टूल आपोआप मोजतं ते मेनूतलंच. ‘प्रत्येक बारानंतर फासा टाका, १ पडला तर तोफ फुटली’ हे तुम्ही लिहाल, पण ते लक्षात ठेवायचं तुम्हीच. उलट, सगळा खेळ बिघडवणारी तलवार मेनूतून दोन मिनिटांत तयार होते!

म्हणून दोन मर्यादांत गल्लत करू नका. एक खेळाची. पाचव्या आवृत्तीत एका पात्राची नाळ एका वेळी जास्तीत जास्त ३ जादुई वस्तूंशीच जुळते. ही मर्यादा हवीच. काय ठेवायचं नि काय सोडायचं, यातच तर डोकं लागतं. रामशेजची गोष्ट आपण सांगतो, तीही गडावर सगळं नव्हतं म्हणूनच.

दुसरी मर्यादा कंपनीची. फुकट खात्यात पात्रं ६च. इतरांनी प्रसिद्ध केलेलं होमब्रू वापरायचं तर पैसे भरा. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने जाहीर केलं, की जुन्या वस्तू आणि मंत्रांच्या जागी नव्या नियमांचे येतील. जुनं हवं असेल तर होमब्रू म्हणून पुन्हा बनवा. खेळाडू भडकले आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. यावेळी फिरला, दरवेळी फिरेलच असं नाही.

तेव्हा मित्रांनो, वस्तू आधी वहीत लिहा. ती काय देते आणि त्या बदल्यात काय मागते, दोन्ही लिहा. मग ग्रुपला विचारा. मित्राने भलतीच ताकदवान तलवार आणली, तर टूल ‘हो’ म्हणत असलं तरी ‘नाही’ म्हणा. आणि कुणाची भन्नाट कल्पना मेनूत बसली नाही, तर ती तोंडी चालवा. टूल हा हिशेबनीस आहे, बेरीज-वजाबाकी त्याला करू द्या. काय चालेल आणि काय नाही, हे मात्र फासे टाकायला बसलेल्यांनीच ठरवायचं.