वारा कुणाला घालायचा?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विषय होता, पण तो मार्कांपुरता. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. दुसरी कबुली जरा मोठी आहे, ती पुढे येईल.

आमच्या शाळेत दर डिसेंबरात ख्रिसमस कार्डं बनवायची स्पर्धा असायची. मी दर वर्षी एकच चित्र काढायचे : विटांची फायरप्लेस, आत लाल-पिवळ्या ज्वाळा आणि वर टांगलेले मोजे. पुण्यात राहून मी फायरप्लेस कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती, पण चित्र अगदी बिनचूक! आणि दर मे महिन्यात आजऱ्याजवळच्या आमच्या गावी आजी ज्या चुलीपुढे बसलेली असायची, ती चूल मी एकदाही काढली नाही. खरं तर तीही घरातली आगच. पण तिला धूर होता, आणि कार्डावर धूर कोण काढतो?

गेल्या वर्षी, सेकंड इयरला असताना, मी आणि माझी रूम पार्टनर आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेसाठी विषय शोधत होतो. आजीचा खोकला वाढल्याचा फोन नुकताच आला होता. आजीकडे गॅस आहे, पण सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवलेला. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. मला वाटलं, सापडला विषय! चुलीला पंखा लावायचा. आगीला भरपूर हवा मिळाली की ज्वलन पूर्ण होईल, धूर कमी होईल, आजीला फुंकणी घेऊन फुंकत बसावं लागणार नाही. कागदावर सगळं झकास होतं.

भंगारातल्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, स्कूटरची जुनी बॅटरी, पत्र्याचं नरसाळं आणि दोन फूट पाईप. खर्च जवळजवळ शून्य. वर्कशॉपच्या मागे तीन विटांची चूल मांडली, सुकी लाकडं बोटभर जाडीची तोडून घेतली आणि पातेल्यात पाणी ठेवलं. पंख्याने पाणी लवकर उकळलं. स्टॉपवॉच साक्षीला होतं. आम्ही खूष!

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी ते यंत्र घेऊन गावी गेलो. आजीने भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि मी ऐटीत बटण दाबलं. पुढच्या मिनिटात काय झालं ते सांगताना आजही कान गरम होतात. राख उडून भाकरीवर बसली. ज्वाळा तव्याच्या कडेने बाहेर आल्या. जळण भराभरा संपू लागलं. आणि जो धूर निवांतपणे कौलांकडे जायचा, तो ढकलल्यासारखा चुलीच्या तोंडातून थेट आजीच्या तोंडावर आला. आजी खोकून खोकून बाहेर पडवीत जाऊन बसली. रागावली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "आगीला वारं घातलंस, ब्येस केलंस. पर धुराला वाट कुठं दिलीस गं पोरी?"

आता ती दुसरी कबुली. सोमवारी आम्ही तेच यंत्र स्पर्धेत मांडलं. पुन्हा सुकी लाकडं, पुन्हा उघड्यावर, पुन्हा पातेलं. शनिवारचं एक अक्षर बोललो नाही. जळण किती लागतं ते आम्ही मोजलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. 'ग्रामीण महिलांसाठी वरदान' असं पोस्टरवर मीच लिहिलं होतं.

ही गोष्ट मनात सलत असतानाच दिवाळीनंतर अमेरिकेतल्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला. ती मिशिगनमधे राहते. तिच्या जुन्या घरात खरीखुरी फायरप्लेस आहे, अगदी माझ्या कार्डातली! पण मावशीची तक्रार अशी, की ती पेटवली की समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या बेडरूममधे हुडहुडी भरते. मग त्यांनी त्या कमानीत एक लोखंडी पेटी बसवून घेतली, काचेचं दार असलेली आणि ब्लोअर लावलेली. आता खोली ऊबदार होते म्हणे. मला राहवेना. मी विचारलं, "पंखा वारा कुठे सोडतो?" काकांनी फोन खाली धरून दाखवलं, आणि माझी ट्यूब पेटली.

तो पंखा आगीवर वारा सोडतच नाही! आगीच्या पेटीभोवती दुसरं कवच असतं. पंखा खोलीतली हवा त्या दोन पत्र्यांमधल्या पोकळीत ढकलतो, ती तापते आणि वरच्या फटीतून परत खोलीत येते. धूर आतल्या आत धुराड्याने वर जातो. दोन हवा एकमेकींना भेटतच नाहीत. आपण हीट ट्रान्सफरला जो हीट एक्स्चेंजर शिकतो, तोच हा. पेटी पुरेशी तापल्याशिवाय पंखा सुरू होऊ नये म्हणून तापमानावर चालणारा स्विचही असतो, नाहीतर खोलीत गारच वारा यायचा.

मग मी वाचायला लागले. उघड्या फायरप्लेसमधे लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीच्या वाट्याला येतो. बाकीची धुराड्याने आभाळात जाते. शिवाय धुराडं खोलीतली तापलेली हवाही ओढून नेतं, आणि तिची जागा भरायला दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते. मावशीची बेडरूम गार का पडायची, ते कळलं ना? अशा उघड्या आगीपुढे साधा टेबलफॅन ठेवला तर उष्णता 'पसरत' नाही, उलट ठिणग्या आणि धूर खोलीत येतो. म्हणजे मी आजीच्या घरात जे केलं तेच.

थोडक्यात, आगीजवळच्या पंख्याला दोन वेगवेगळी कामं असू शकतात. एक, आगीला हवा देणं. लोहाराचा भाता आणि आजीची फुंकणी हे काम करतात. दुसरं, आगीची ऊब माणसापर्यंत नेणं. मावशीचा ब्लोअर हे काम करतो. मी पहिलं काम दिलं, आणि तेही अर्धवट. चांगल्या पंख्याच्या शेगडीत थोडी हवा खालून लाकडाला देतात आणि बाकीची वरच्या बारीक भोकांतून, धुरातले वायू जळावेत म्हणून. टाइम, टेंपरेचर, टर्ब्युलन्स हे तीन 'टी' आपण व्हायवाला घडाघडा म्हणतो. पण आजीच्या चुलीपुढे मला त्यातला एकही आठवला नाही.

माझं मत असं आहे, की आपल्याला पंखा लावायची घाई फार. काउंट रमफर्ड आठवतो? तोपा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवर १७९८ साली निबंध वाचणारा? त्याच्या थोडं आधी त्याने लंडनमधल्या धुरकट फायरप्लेस सुधारल्या होत्या. खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. धूर वर गेला, ऊब खोलीत आली. पंखा नाही, मोटर नाही. फक्त धूर कुठे जातो हे नीट पाहिलं.

पंखा वाईट असं मात्र मी म्हणत नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मदतीने २००६ साली 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी बाजारात आली होती. शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्यांवर चालणारी. आपल्या महाराष्ट्रातही ती विकली गेली. एकूण सुमारे ४ लाख शेगड्या खपल्या. तंत्र उत्तम होतं. पण पुढे गोळ्या महागल्या आणि बऱ्याच घरांनी ती वापरणं सोडलं. सरकारची निर्धूर चुलीची योजना १९८३ ते २००२ अशी चालली, तिच्याही कित्येक चुली दुरुस्तीअभावी मोडल्या. म्हणजे यंत्र चालणं वेगळं आणि घरात टिकणं वेगळं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या चुलींच्या आणि इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. 'ग्रामीण महिलांसाठी वरदान' लिहिताना हा आकडा मला ठाऊक होता. पोस्टरवर मीच टाकला होता!

सर आणि मॅडम लोकांना म्हणून एक विनंती. प्रोजेक्ट स्पर्धेच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा : 'ज्याच्यासाठी बनवलं त्याने वापरून काय सांगितलं?' आणि बक्षिसाची अर्धी रक्कम दोन महिन्यांनंतर द्या, वस्तू अजून वापरात असेल तरच. आम्हाला ती अर्धी रक्कम मिळाली नसती, आणि तेच योग्य झालं असतं.

आमच्या बक्षिसाचे पैसे आम्ही जानेवारीत गावी नेले. गवंडीमामांनी चुलीच्या मागून पत्र्याचा पाईप कौलांच्या वर काढून दिला आणि चुलीचं तोंड थोडं लहान केलं. एका दुपारचं काम. आजीचा खोकला गेलेला नाही, इतक्या वर्षांचा धूर एका पाईपने कसा जाईल? पण आता ती भाकरी करताना पदर डोळ्यांना लावत नाही, हे मी स्वतः पाहिलं. पाईपमधली काजळी दर महिन्याला झाडायची, हे काम काकांनी पत्करलंय. विसरले तर फोन करायचं काम माझं.

पंखा माझ्या हॉस्टेलच्या कपाटात आहे. धूर कुठे जाणार हे आधी ठरवलेलं असेल, अशा कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा.