म्हणे एकाच डुकरिणीचा प्रश्न!

डुकराविषयी लिहायचे म्हटले की आपल्यातील साहित्यप्रेमी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. नाताळच्या ताटातील सोरपोतेलाविषयी मात्र त्यांची कधी तक्रार नसते. सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून थेट काणकोणपर्यंत कितीतरी ख्रिस्ती घरांना अडीअडचणीच्या वेळी परसातल्या याच मुक्या जिवाने हात दिला आहे. त्याच्या पैदाशीविषयी आपण इतके बेफिकीर का, असा माझा सरळ सवाल आहे.

मोठ्या वराहपालकांविषयी मला काही म्हणायचे नाही. ते हिशेबाने चालतात. मी लिहितो आहे ते परसात एकच मादी बाळगणाऱ्या कुटुंबाविषयी. ‘‘फादर, एका डुकरिणीसाठी एवढा काय विचार करायचा?’’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा समाचार घेणे आता भाग आहे. वीस माद्या असलेल्याचे एक वेत फुकट गेले तर उरलेल्या एकोणीस त्याला तारून नेतात. एकच मादी असणाऱ्याचे वेत बिघडले तर त्याचे अर्धे वर्ष बुडाले. तेव्हा विचार कोणी अधिक करायला हवा?

विचार न करण्याचा सर्वांत रूढ प्रकार म्हणजे मागच्या वेतातील एक नर खच्ची न करता तसाच ठेवायचा आणि पुढे त्याच्याकडूनच त्याच्या आईला फळवायचे. घरचा नर, खर्च शून्य, असा हा हिशेब. परंतु आई आणि मुलगा यांच्या संकरातून जन्मणाऱ्या पिलात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते. सख्ख्या भावाबहिणींच्या संकरात येते तेवढेच. अशाने पिले संख्येने कमी होतात, अशक्त निपजतात, कधी अंतर्गळ घेऊन तर कधी गुदद्वाराविना जन्मतात. मग मालक दृष्ट लागली म्हणतो आणि पुन्हा तेच करतो.

दुसरा प्रकार दिमाखाचा. एका मादीसाठी बाहेरून नर विकत आणून पोसायचा. एक नर पंधरा-वीस माद्यांना सहज पुरतो. तो दिवसाला दोन-तीन किलो खाद्य फस्त करतो, म्हणजे वर्षाला ७३० किलोच्या खाली नाहीच. आणि काम काय? मादी वर्षातून दोनदा व्याली तर फार तर चार दिवसांचे! याला पशुपालन म्हणावे की जहागिरी?

उरतो तो शेजारचा किंवा पलीकडल्या वाडीवरचा नर. पैसे देऊन किंवा एखादे पिलू कबूल करून तो आणायचा, नाहीतर मादी त्याच्याकडे न्यायची. या पद्धतीविषयी मला आदर आहे. तीत शेजारधर्म होता. शिवाय अनुभवी नराला माज बरोबर कळतो, माणसाची चूक होत नाही. पण काळ बदलला. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवरचा भारतात प्रथम शिरकाव झाला. हा रोग माणसाला होत नाही, मात्र डुकरांना तो सहसा जिवंत सोडत नाही आणि त्यावर औषध नाही. दारोदार फिरणारा नर दारोदारचे रोगही घेऊन फिरतो. ब्रुसेलोसिस तर थेट समागमातूनच पसरतो आणि मादी गाभडते. ज्या नराची तपासणी झालेली नाही आणि जो महिनाभरात कुठकुठे जाऊन आला हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही, तो नर मी तरी कोणाच्या अंगणात येऊ देणार नाही. त्यात हा नर वजनदार यॉर्कशायर असला आणि मादी पहिलटकरीण गावठी असली तर तिचे पाय किंवा पाठ जायबंदी होण्याची भीती वेगळीच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एकच मादी असणाऱ्याने कृत्रिम रेतनाचा मार्ग धरावा. जुने गोवे येथील एला भागात असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या विषयात काम केले आहे. आपल्या पशुवैद्यकाकडे चौकशी करण्यात कमीपणा नाही.

इथे काही सोवळी मंडळी दबक्या आवाजात विचारतात, ‘‘फादर, ख्रिस्तसभेला हे चालते का?’’ १९८७ सालचे ‘डोनुम विटे’ हे मार्गदर्शन मानवी जीवनाच्या आणि मानवी प्रजननाच्या प्रतिष्ठेविषयी आहे, गोठ्याविषयी नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१७ व्या परिच्छेदात प्राणी माणसाच्या हाती सोपविलेले असून अन्नवस्त्रासाठी त्यांचा वापर करणे रास्त आहे असे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात त्यांना विनाकारण यातना देण्यास मनाई केली आहे. पाप शोधायचेच असेल तर ते रोगट वेतात शोधावे. आणि या मंडळींच्या माहितीसाठी सांगतो, १७८० च्या सुमारास कुत्रीवर कृत्रिम रेतन यशस्वी करून दाखविणारे लाझारो स्पालान्झानी हे इटालियन शास्त्रज्ञ स्वतः धर्मगुरूच होते! त्या कुत्रीला ६२ दिवसांनी तीन पिले झाली.

अर्थात हा मार्ग आळशासाठी नाही. गायीचे रेत द्रव नत्रात वर्षानुवर्षे राहते. डुकराचे रेत सहसा पातळ स्वरूपातच वापरतात. ते १५ ते १८ अंशांवर ठेवावे लागते आणि काही दिवसांतच वापरावे लागते. घरच्या फ्रिजमध्ये ठेवाल तर थंडीनेच ते निकामी होईल. म्हणजे मागणी आधी नोंदवायला हवी, आणि त्यासाठी माज कधी येणार हे आधी ठाऊक हवे. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. जवळ नर नसला की तो ओळखणे कठीण, ही या पद्धतीची खरी उणीव. योनी सुजते, लाल होते, मादी खाणे टाकते. पण खरी खूण एकच. तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला असता ती कान ताठ करून खांबासारखी उभी राहते. सकाळ-संध्याकाळ ही परीक्षा घ्यावी. अशी उभी राहू लागल्यावर सुमारे बारा तासांनी पहिले आणि पुढल्या बारा ते चोवीस तासांत दुसरे रेतन करावे. कालवडीप्रमाणे इथेही पहिल्या माजाला घाई नको. मादी आठेक महिन्यांची, अंगाने भरलेली असावी.

आता रेत कोणत्या जातीचे? इथेही आपल्याला पांढऱ्या कातडीचा मोह. लार्ज व्हाइट यॉर्कशायर मोठी होते, पिलेही पुष्कळ देते, पण तिला विकतचे खाद्य लागते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘आगोंदा गोवन’ या आपल्या काळ्या, ठेंगण्या डुकराची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ही जात स्वयंपाकघरातील उरलेसुरले आणि भाताचा कोंडा यांवर गुजराण करते. ज्याच्या डोणीत कोंडा आणि पेज एवढेच पडणार आहे, त्याने यॉर्कशायरच्या पिलांची स्वप्ने पाहू नयेत. खाद्य विकत घेण्याची ऐपत असेल तर पहिला संकर जरूर करावा. त्या पिलांना जोम असतो. मात्र त्या संकरित नरांना पुढे पैदाशीसाठी ठेवू नये. शुद्ध गावठी रक्त शिल्लक आहे ते एकेक मादी पाळणाऱ्या अशाच घरांत. सर्वांनीच पांढऱ्याच्या मागे धाव घेतली तर दहा-वीस वर्षांनी ते कर्नालच्या नोंदवहीतच उरेल.

ज्यांना तारखा लिहून ठेवण्याचाही कंटाळा आहे, त्यांनी खुशाल दूध तुटलेले पिलू विकत घेऊन पोसावे. मादी बाळगण्याचा हट्ट धरू नये. इतरांसाठी हिशेब सोपा आहे. गर्भकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांचा. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, ३ डिसेंबरला, मादी फळली तर २७ मार्चच्या आसपास विते आणि पिले नाताळपर्यंत नऊ महिन्यांची होतात. त्यासाठी माजाची पहिली नोंद ऑक्टोबरातच दिनदर्शिकेवर पडायला हवी.