एक मीटर, तीन चुली : वीज बिल आपल्याच वस्त्यांना जास्त का झोंबते?

वीज बिल हातात पडले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "एवढी वीज तर आम्ही वापरलीच नाही!" मग कोणी मीटरला दोष देतो, कोणी कंपनीला, कोणी सरकारला. यातले काही खरेही असते. महाराष्ट्रात घरगुती वीज स्वस्त नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वीज बिलात ३० टक्के कपातीचे आश्वासन दिले गेले, यावरूनच हा विषय लोकांच्या किती जिव्हारी लागला आहे ते कळते.

पण सगळा राग दरांवर काढून आपण एक गोष्ट विसरतो. तेवढीच वीज वापरणाऱ्या दोन घरांची बिले वेगवेगळी येऊ शकतात. आणि मुंब्र्यापासून मालेगावपर्यंत, भिवंडीपासून नांदेडपर्यंत आपल्या दाट वस्त्यांत राहण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळे महाग बिलाचा फटका नेमका आपल्याला जास्त बसतो. तो कसा, ते समजून घेऊ.

पायऱ्यांचे गणित

महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत, ज्याला आपण स्लॅब म्हणतो. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या पायरीचा दर युनिटला ५ रुपये ८८ पैसे होता. दुसऱ्या पायरीचा ११ रुपये ४६ पैसे, तिसऱ्याचा १५ रुपये ७२ पैसे आणि चौथ्याचा १७ रुपये ८१ पैसे. २०२५ मध्ये वीज नियामक आयोगाच्या नव्या आदेशांनी हे आकडे बदलले, त्यावर वादही झाले. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत. पण पायऱ्यांची रीत तीच आहे, म्हणून उदाहरणासाठी आपण हेच आकडे घेऊ.

लोकांत एक गैरसमज आहे की १०१ वे युनिट पडले की सगळीच युनिटे महाग दराने लागतात. तसे नाही. पहिली १०० युनिटे स्वस्तातच राहतात, वरची तेवढी महाग होतात. मात्र १०० नंतर दर जवळजवळ दुप्पट होतो, ही गोष्ट लक्षात ठेवायची. यावर स्थिर आकार, दर महिन्याला कमी-जास्त होणारा इंधन समायोजन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागते.

आता आपल्या घरांकडे या. वडिलांच्या नावावर एक मीटर. खाली आई-वडील, वर दोन भाऊ आपापल्या बायको-मुलांसह. चुली तीन, मीटर एक. प्रत्येक चुलीचा वापर १२० युनिट, म्हणजे कोणाचाच जास्त नाही. पण मीटरवर ३६० युनिटे दिसतात आणि बिल तिसऱ्या पायरीवर चढते. स्थिर आकार साधारण १३० रुपये धरला आणि इंधन आकार बाजूला ठेवला, तर हे बिल ४,५८५ रुपयांच्या आसपास जाते. हीच तीन घरे तीन मीटरवर असती तर प्रत्येकाला सुमारे १,१०० रुपये, म्हणजे तिघांचे मिळून ३,३०० रुपयांच्या आत बिल आले असते. एकही बल्ब कमी न लावता महिन्याला जवळपास १,२९० आणि वर्षाला पंधरा हजारांहून जास्त रुपये वाचले असते.

पायऱ्या ठरवल्या त्या या हिशोबाने की जो जास्त वापरतो तो सुखवस्तू आहे. मीटरला मात्र माणसे मोजता येत नाहीत. बंगल्यातले तिघे आणि दोन मजल्यांवरचे बारा जण त्याच्या दृष्टीने सारखेच.

भाडेकरूची गोष्ट याहून कठीण

भाड्याच्या खोल्यांत आणखी एक प्रकार चालतो. घरमालकाचे एक मुख्य मीटर आणि खोल्याखोल्यांत सबमीटर. युनिटचा एकच सरसकट दर, समजा १४ रुपये. महिन्याला फक्त ७० युनिटे जाळणाऱ्या भाडेकरूला ९८० रुपये मोजावे लागतात. स्वतःचे मीटर असते तर त्याला ६३० रुपयांच्या आत बिल आले असते.

यात प्रत्येक वेळी घरमालक लुबाडतोच असे समजू नका. चार भाडेकरूंची प्रत्येकी ७० आणि मालकाची स्वतःची १५० मिळून ४३० युनिटे झाली, तर मुख्य मीटरचे बिल ५,८६० रुपयांच्या घरात जाते. म्हणजे त्यालाही युनिट १३ रुपये ६० पैशांना पडते. पाचही मीटर वेगळी असती तर सगळ्यांचे मिळून बिल ४,०१० रुपयांच्या आसपास आले असते. महिन्याला १,८५० रुपये कोणाच्याच पदरात न पडता चालले आहेत. भांडण मालक-भाडेकरूत होते, कारण मात्र एका मीटरमध्ये आहे.

वेगळे मीटर मागणे हा हक्क आहे

वीज कायदा २००३ चे कलम ४३ सांगते की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीजपुरवठा देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. "किंवा तिथे राहणाऱ्याने" हे शब्द भाडेकरूसाठी मोलाचे आहेत. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांत नव्या जोडणीची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी घातली आहे.

मात्र भाग खरोखर वेगळा असला पाहिजे. स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार, वेगळी वायरिंग. एकाच कुटुंबाने केवळ स्लॅब चुकवायला दुसरे मीटर मागितले तर कंपनी नकार देऊ शकते. राहण्याचा पुरावा, भाडेकरार किंवा वाटणीचा कागद लागतो. आपली गाडी इथेच अडते. वडिलांच्या पश्चात घर मुलांत वाटले जाते, पण कागदावर काहीच होत नाही. भाडे वर्षानुवर्षे तोंडी चालते. कागद नसल्यामुळे महिन्याला हजार-दीड हजार जातात, हे डोळ्यांसमोर आले तर कदाचित आपण कागद करू.

दुसरा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. घरात शिलाई मशीन चालते, जरीकाम होते, मुलांच्या शिकवण्या होतात. कोणीतरी भीती घालतो की घरगुती मीटरवर धंदा केला तर दंड होईल. राज्याच्या दरपत्रकातली तरतूद अशी की राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत व मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. त्याच्या वर गेलात तर मात्र वेगळी जोडणी घ्या, नाहीतर कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आणि इथे पुन्हा तोच पेच येतो. तीन चुलींच्या एका मीटरवर ३०० ची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि शिलाई करणाऱ्या बहिणीचा हक्क आपोआप बुडतो.

बिल वाचा, मग भांडा

बिल आले की आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग पाहा आणि मीटरशी ताडून पाहा. रीडिंगऐवजी सरासरी लावली असेल तर लगेच हरकत घ्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग थांबले, सरासरी बिले आली आणि जूनमध्ये साचलेली युनिटे एकदम अंगावर पडली, तेव्हाचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेल. दोन-तीन महिन्यांची युनिटे एकत्र आली तर पायऱ्याही तितक्या महिन्यांच्या धरल्या पाहिजेत. तीन महिन्यांचे बिल असेल तर पहिली ३०० युनिटे स्वस्त दराने. हे बिलात झाले आहे की नाही, ते तपासा. उन्हाळ्याच्या सुमारास वेगळे येणारे सुरक्षा ठेवीचे बिल हा वापराचा आकार नव्हे. ती ठेव आहे आणि तिच्यावर व्याज मिळते.

तक्रार १९१२ वर करता येते, पण लेखी अर्ज देऊन पोच घेतलीच पाहिजे. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. यासाठी वकील लागतोच असे नाही. कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर निषेध नोंदवून मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरल्यास, वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

भिवंडीत २००७ पासून आणि मालेगाव व मुंब्रा-शीळ-कळवा भागात २०२० पासून वीज वितरण खाजगी फ्रँचायझीकडे आहे. तिथे अनेकांना वाटते की खाजगी कंपनी मनाला येईल तो दर लावते. दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागतात. भांडायचे असेल तर रीडिंग, थकबाकी आणि सेवेच्या मुद्द्यावर भांडा. तिथे आपली बाजू कागदाने सिद्ध करता येते.

महाग पायरीवरची युनिटे कापा

आता वापराकडे. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. आपल्या घरात एसी सगळीकडे नसतो, पण पंखे दिवसरात्र फिरतात. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. १५ तासांच्या हिशोबाने एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटे वाचतात. ही २० युनिटे दुसऱ्या पायरीवरची असतील तर शुल्कासह सुमारे २६५ रुपये होतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदला. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास म्हणजे रोजचे एक युनिट. एसी असेल तर तापमान एका अंशाने वाढवल्यास विजेत साधारण ६ टक्के बचत होते. टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेली पाण्याची मोटर पाणी आणि पैसा दोन्ही वाहवते.

एक सोपी तपासणी करा. घरातली सगळी बटणे बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तरीही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा दुसऱ्याच खोलीची वायर आपल्या मीटरवर आहे. वायरमन बोलवा. गळती जिवावरही बेतू शकते.

सध्या अनेक ठिकाणी नवे टीओडी मीटर बसत आहेत. २०२४ मध्ये सरकारने सर्वसामान्यांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असे सांगितले. टीओडी मीटरमध्ये बिल महिना संपल्यावरच येते. जुलै २०२५ पासून या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन, शिलाईची मोटर दिवसा चालवली तर त्याचा लाभ होईल. छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राच्या योजनेत १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छत आहे त्यालाच ते मिळते. भाडेकरूला नाही.

आकड्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. "बिलच एवढे येते, मग आकडा टाकला तर काय बिघडले?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तर आहेच. पण चोरलेल्या विजेची किंमत शेवटी इमानदारीने बिल भरणाऱ्यावर पडते, आणि बदनामी साऱ्या वस्तीच्या वाट्याला येते. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

पुढे काय?

आम्हाला वाटते, दोन कामे मोहल्ला पातळीवर लगेच होऊ शकतात. पहिले, शिकलेल्या मुला-मुलींनी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा शाळेच्या खोलीत तासभर बसून लोकांची बिले वाचून द्यावीत, वेगळ्या मीटरचे अर्ज भरून द्यावेत. दुसरे, आयोग नवे दर ठरवण्याआधी हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांच्या संघटना आकडेवारी घेऊन येतात. आपल्या वस्त्यांतून किती अर्ज जातात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. एकत्र कुटुंबाला माणसांच्या हिशोबाने पायरी मिळावी, भाडेकरूला सोप्या कागदपत्रांवर मीटर मिळावे, या मागण्या न्याय्य आहेत. पण त्या लेखी पोहोचल्या तरच त्यांची नोंद होईल.

दर कमी होतील तेव्हा होतील. तोपर्यंत या महिन्याचे बिल काढा, युनिटांचा आकडा पाहा आणि त्या एका मीटरवर किती चुली पेटतात ते मोजा.