एका शब्दाचे सात तुकडे

दोस्तांनो, आज एक लांबलचक शब्द घेऊ या. एका दमात म्हणा बरं : चेप्पलेकपोयानु!

अडखळलात ना? शब्द तेलुगू आहे. पण तो ऐकायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता नदीच्या काठी सिरोंचा आहे. नदी ओलांडली की तेलंगण. सिरोंच्यात कितीतरी मुलं घरी तेलुगू बोलतात नि शाळेत मराठी शिकतात.

या एका क्रियापदात आपलं अख्खं वाक्य मावतं : 'मला सांगता आलं नाही.' 'चेप्प' म्हणजे सांगणं. 'लेक' म्हणजे न जमणं (आपली लेक नव्हे हं!). 'पोयानु' म्हणजे मूळचं 'गेलो' किंवा 'गेले'. शेवटच्या 'नु'वरून कळतं, की बोलणारा 'मी' आहे. तिथं 'डु' लावा, की झालं 'त्याला सांगता आलं नाही'!

आता फोड करू : चेप्-प-ले-क-पो-या-नु. सात तुकडे, प्रत्येकात एक स्वर. 'चे' आखूड, 'ले' आणि 'पो' लांब. मधले 'प' नि 'क' गिळायचे नाहीत. आपण मात्र हमखास 'चेप्प्लेक्पोयानु' करून टाकतो!

असं का होतं? कारण मराठीत आपण लिहितो एक नि बोलतो दुसरंच. 'शिकवतात' हा शब्द पाहा. कागदावर पाच अक्षरं : शि-क-व-ता-त. तोंडात तीनच तुकडे : शि-कव्-तात्. 'व'मधला आणि शेवटच्या 'त'मधला 'अ' आपण गुपचूप गाळतो. त्याची खूण कागदावर कुठंच नसते. तेलुगू वाचताना मात्र लिहिलेला 'अ' म्हणायचाच असतो.

म्हणून घरी तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या मुलानं मराठी धडा वाचताना पाचही अक्षरं पूर्ण म्हटली, तर वर्गात खसखस पिकते. पण विचार करा, ते बिचारं छापलंय तेच तर वाचतंय! दोन-चारदा असं हसू झालं, की मूल वाचायला उभं राहायचंच टाळतं. मग उच्चार सुधारणार कसा? आई-बाबांनो, तुम्हीही हसू नका. 'शि-कव्-तात्' असं टाळ्या वाजवून म्हणून दाखवा.

आणि तुम्ही? 'चेप्पलेकपोयानु'ला बरोबर सात टाळ्या पडतात का, मोजा. सहाच पडल्या, तर कुठला 'अ' गिळलात ते शोधा!