निवृत्ती, परवाना आणि गावची वाडी

अमिरातींत नोकरी संपली की वास्तव्याचा परवानाही संपतो, हा आपल्या माणसांचा जुना अनुभव. आता 55 वर्षांवरील निवृत्तांस 5 वर्षांचा, पुढे वाढविता येणारा परवाना मिळू शकतो. मात्र त्यासाठी किमान 10 लाख दिरहमांचे घर, तितकीच ठेव अथवा ठरावीक मासिक उत्पन्न दाखवावे लागते. सोय चांगलीच, परंतु तेवढ्यासाठी अलिबाग-रेवदंड्याकडील वाडी विकावयास निघालेल्या ज्येष्ठांनी घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुबईत मुलाच्या घरी मी गॅलरीत सब्जा लावला आहे. हिवाळ्यात तो असा फोफावतो की, शब्बाथ संपताना वास घेण्यास डहाळी घरचीच मिळते. मे महिन्यात मात्र दोनदा पाणी घालूनही कोमेजतो. आणि ते पाणीही समुद्राचे खारेपण काढून केलेले, विकतचे! मलिद्याला खजूर हवा तेवढा, नारळ तेवढा दुकानातला.

नातवंडे जवळ आहेत, हे सुख मी कमी लेखीत नाही. पण उद्या मुलाची नोकरी दुसऱ्या देशी गेली, तर वाडी विकून घेतलेल्या विसाव्या मजल्यावर आम्ही दोघेच उरणार. म्हणून थंडीचे दिवस येथे पाहुणे म्हणून, उरलेले गावी, असे आम्ही ठरविले आहे. विहिरीचा पंप तेवढा दुरुस्त व्हावयाचा आहे.